माझ्या वाक्याला होकार मिळाला नाही

रत्नागिरी, श्रावणातला रविवार, १९८५

आज मांडवीच्या वाळूत सर्वांसमोर हरलो. बरं झालं हरलो.

आमचं निसर्गपूजकांचं लहानसं मंडळ. भटजी नाही, पोथी नाही. माती, समुद्र, झाडं हेच देव. आज आपल्या श्रद्धा ठरवायच्या होत्या. पद्धत गावच्या गाऱ्हाण्याची: एकाने वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी "होय महाराजा!" एक जण जरी गप्प राहिला, तरी ते वाक्य मंडळाचं नाही.

मी पुष्कळ बोललो. वेद काढले, जुने ग्रीक काढले. शेवटी गरजलो, "ज्याच्या घरी मूर्ती, त्याला इथे जागा नाही!"

सगळे गप्प. सभा गाजवणाऱ्या माणसाला ती शांतता... काय म्हणू? सुलभाताई चपला शोधू लागल्या. त्यांच्या घरी गणपती येतो. म्हणजे मी त्यांनाच उठवत होतो? वडाची तोड अडवायला जी बाई सर्वांत आधी उभी राहिली, तिला?

म्हातारे खलाशी दामूअण्णा म्हणाले, "भाऊ, देव कमी करायला जमलो काय आपण? ताई, बसा हो. तुम्ही सांगा."

ताई उभ्यानेच म्हणाल्या, "ज्याच्यावर जगतो, त्याला ओरबाडायचं नाही."

"होय महाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा.

ती शांतता अजून मनातून जात नाही. टाळ्या मला खूप मिळाल्या. इतक्या मायेने कुणी अडवलं नव्हतं.

निघताना ताई म्हणाल्या, "चतुर्थीला मोदक खायला या. हवं तर मूर्तीकडे पाठ करून बसा!"

जाणार आहे. पाठ करून बसणार नाही.