आप्पांच्या यंत्राची खरखर

बारामती,
४ ऑक्टोबर २०२५

ती. आप्पांस,
निकिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही व्हय, बरं, ठेवतो याच्या पुढं जात नाही आणि कागद हातात आला की मात्र तुम्हाला आवरावं लागतं. म्हणून पत्रच लिहिते. रिकाम्या डब्याच्या पिशवीत घालून आपल्या एसटीनं पाठवते आहे. डबा आईला द्या, पत्र तुम्ही ठेवा.

तुमचं खोकं दुधाच्या टेम्पोतून सुखरूप पोचलं. ऋषिराज, म्हणजे आमच्या बँडचा गिटारवाला आणि स्वतःच स्वतःला नेमलेला म्होरक्या, त्याच्याभोवती दोन चकरा मारून विचारत होता की हा अ‍ॅम्प्लिफायर कुठल्या कंपनीचा. मी सांगितलं, सोनबा आणि कंपनी, कळंब. गाणारी रेश्मा म्हणाली की माझ्या बेस गिटारची जाड तार या खोक्यातून थेट तळपायात येते. त्या दिवशी मेसमध्ये मी जरा ताठ बसूनच जेवले.

पण आप्पा, एक अडचण आहे. मी गप्प राहिले तरी खोकं गप्प राहत नाही. एक तर सारखी भुणभुण चालू असते, बरणीत माशी कोंडल्यासारखी. आणि आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. आमच्या गाण्यात मधेच सगळे थांबतात, क्षणभर काहीच वाजत नाही आणि मग मी एकटी सुरू करते. तीच आमची खासियत आहे, आणि नेमकी तिथंच माशी बोलते. रविवारी १२ तारखेला इंदापूरला स्पर्धा. ऋषिराजचं म्हणणं असं की गुरुवारच्या तालमीपर्यंत आवाज गेला नाही तर भाड्यानं तयार अ‍ॅम्प आणायचा. त्याच्याकडं एक उपायही आहे: पिनेचा तिसरा जाड पाय मोडून टाकायचा. मी म्हटलं, आधी वडिलांना विचारते.

मला तुमच्याच खोक्यावर वाजवायचं आहे. दुसऱ्या कशावर वाजवलं तर हात चालेल, मन नाही चालणार. काय करू ते लगेच कळवा.

लोभ आहेच, तो कुठलीही भुणभुण न करता चालू ठेवावा.

आपली,
निकिता

*

कळंब,
५ ऑक्टोबर

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

इकडं तुझी आई ठीक, म्हैस ठीक. मी ठीक नाही, कारण तुझं पत्र वाचलं.

पहिली गोष्ट, खोकं म्हणू नकोस. खोकं साबणाचं असतं. हे यंत्र आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी या हातानं गुंडाळलाय. शेडमध्ये आवाजाचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं होतं, तरी पलीकडच्या गोठ्यात म्हैस रवंथ करते ते ऐकू येत होतं. गावातल्या माणसांना बोलावून ऐकवलं. काय ऐकायचं ते त्यांना कळलं नाही, हा त्यांचा दोष.

दुसरी गोष्ट, ऋषिराजला माझ्याकडून सांग की तो जाड पाय अर्थिंगचा आहे. तो मोडणाऱ्याबरोबर माझी मुलगी स्टेजवर उभी राहणार नाही. अर्थिंग नसलेल्या मोटारीनं चांगला धडधाकट माणूस उसाच्या सरीत फेकलेला मी पाहिलाय. माशी कुठून आली ते मी इथं बसून सांगतो. तुमचा कीबोर्ड एका भिंतीच्या बोर्डात, तुझं यंत्र दुसऱ्या भिंतीच्या, आणि दोघांना जोडणारी वायर मधे. मग दोन्हीकडचं अर्थिंग एकमेकांत फिरत बसतं आणि भुणभुणतं. सगळ्यांच्या पिना एकाच बोर्डात लाव. माशी जाईल.

खरखर मात्र मला मान्य नाही. परवाच्या खंडेनवमीला यंत्राचा मान तू डोळ्यांनी पाहिलास. यंदा पूजेच्या रांगेत ते पहिलं मांडलं, आबा आजोबांच्या ढोलाला लागून, ट्रॅक्टरच्याही आधी. तुझी आई म्हणाली, ट्रॅक्टर आधी. मी म्हटलं, ट्रॅक्टर कोणीही विकत आणतो. तुला वाकायला नको म्हणून बटणं मी वरच्या अंगाला बसवलीत, तर त्या पाचही बटणांना मी स्वतः कुंकू लावलं, चांगलं ओलं आणि भरपूर. वर अक्षता टाकल्या, नारळ फोडून पाणी शिंपडलं. एवढा मान घेतलेलं यंत्र खरखर करेल का? तुझी गिटारची वायर तपास.

आणि ते कोणीही उघडायचं नाही. त्यात कोणाचा हात गेलेला मला चालणार नाही. मीही बारामतीला येणार नाही. आलो तर चार पोरांसमोर माझ्या यंत्रात खोट आहे हे मीच मान्य केल्यासारखं होईल. इंदापूरला येईन, पहिल्या रांगेत बसेन, आणि जीपभर माणसं घेऊन येईन. भाड्याचा अ‍ॅम्प स्टेजवर दिसला तर जीप तशीच मागं वळवीन.

जेवण वेळेवर, अभ्यास वेळेवर. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते असतातच.

तुझे,
आप्पा

*

बारामती,
७ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
निकिताचा सा. न. वि. वि.

हे पत्र चपात्यांच्या फडक्यात बांधलंय. फडकं आप्पा धूत नाहीत, म्हणजे ते तुझ्याच हाती पडणार.

आप्पांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या पिना एकाच बोर्डात लावल्या आणि माशी गेली. ऋषिराज बराच वेळ खोक्याला कान लावून उभा होता. पुन्हा पाय मोडायचं नाव त्यानं काढलं नाही.

पण खरखर राहिली. वायर बदलून पाहिली, रेश्माच्या ओळखीनं दुसरी गिटारही लावून पाहिली. बटण फिरवलं की उसाच्या वाळलेल्या पाचटावरून कोणी चालत जावं तसा आवाज. आता गुरुवार तोंडावर आलेला. आई, मी ते उघडलं. तुला खोटं सांगत नाही, भीती करंटची नव्हती, आप्पांची होती. त्यांनीच लहानपणी शिकवल्याप्रमाणे पिन काढली आणि जेवून येईपर्यंत तसंच ठेवलं, कारण पिन काढली तरी आत करंट दबा धरून बसतो. मग स्क्रू काढले.

आत काय दिसलं सांगू? सगळ्या वायरी पांढऱ्या दोऱ्यानं एकसारख्या बांधलेल्या, कुठं एक लोंबती नाही. तू खुरपायला गेलेली असलीस की आप्पा माझी शाळेची वेणी घालायचे, अगदी तशा. झाकण लागल्यावर कोणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी एवढं नीटनेटकं काम केलंय. मी तिथंच बसून रडले.

आणि मग हसू आलं. वरून बटणाच्या दांडीला धरून लाल चिखल आत उतरलेला! कुंकू आणि नारळाचं पाणी एक होऊन वाळलेलं, आणि आवाजाच्या बटणाखाली एक अक्षत ऐटीत बसलेली. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून सफाईचा स्प्रे आणला, कापसानं पाचही बटणं पुसली, फिरवून फिरवून मोकळी केली आणि झाकण लावलं. आता बटण कितीही फिरवा, काही म्हणजे काही आवाज नाही.

आता मला सांग, आप्पांना काय सांगू? उघडायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. आणि खरखर त्यांच्याच कुंकवाची, हे कोणत्या तोंडानं लिहू? खोटंही लिहायचं नाही मला.

ठेचा पुरत नाही, रेश्मा खाते. माया पातळ होऊ देऊ नकोस, आमटी झाली तरी चालेल.

तुझी,
निकिता

*

कळंब,
८ ऑक्टोबर

चि. निकिता हिस,
आईचा आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी फडक्यात गावली. चुलीपुढं बसून वाचली आन् एकटीच हसत बसली. हे बाहीरनं इचारत्यात काय झालं म्हणून. मी म्हनलं, धूर गेला डोळ्यात.

मी तवाच सांगितलं हुतं की कुकू लाकडाला लावा. तर म्हनले, लाकूड वाजतंय व्हय, बटनं वाजत्यात, मान बटनांचा. नारळाचं पानी बी तसंच. हातानं शिंपडलं आसतं तर निभलं आसतं, ह्यांनी वाटीच वतली.

आत्ता काय सांगू नगंस. भ्यायचं म्हनून न्हाय. तुझं पत्र आल्यापास्नं मानूस शेडात जाऊन त्या रिकाम्या जाग्यावर बसतंय. दुकानात, डेरीवर, जो भेटंल त्येला सांगत्यात की माझी लेक माझ्या यंत्रावर वाजवनार हाय इंदापुरात. जीपीत आता जागा न्हाय, तरी आनखी दोघांना या म्हनलेत. खोट निघाली म्हनून तुझ्यावर रागवायचं न्हाईत गं ते. सोताच्या नजरंत उतरतील. ते मला बघवायचं न्हाय. इंदापूर हुंदे, मग सांग.

खोटं बी लिहू नगंस. निस्तं आवाज गेला म्हनून लिही, ते खरंच हाय. आन् एक ध्यानात ठेव, ह्यांची नजर लई बारीक. कुकू दिसलं न्हाय तर इचारतील. तू सोता लाव, पन आता कुठं लावायचं ते तुला कळलंच आसंल.

ठेचा दुप्पट दिलाय, रेश्माला बी दे. तुझ्यावर जीव हाय, त्यो काय डब्यात मावत न्हाय.

तुझी आई,
म्हाळसा

*

बारामती,
१० ऑक्टोबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही आवाज गेले. काल तालमीत मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवून उभी राहिले, तर ऋषिराजनं विचारलं, अजून चालू केलं नाहीस का. मी त्याला लाल दिवा दाखवला. भाड्याच्या अ‍ॅम्पचा विषय संपला. इंदापूरच्या स्टेजवर तुमचं यंत्र असणार. बघा, यंत्र म्हटलं.

आवाज कसा गेला ते आत्ता विचारू नका. रविवारी या, पहिल्या रांगेत बसा आणि शिट्टी मात्र वाजवू नका.

बाकी भेटीत. तोवर अभिमान जरा जपून वापरा, रविवारीही लागेल.

आपली,
निकिता

*

बारामती,
१३ ऑक्टोबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

आमचा दुसरा नंबर आला, हे तुम्हाला माहीत आहे. पण होस्टेलवर त्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे तुमच्याबद्दल बोलतात.

आप्पा, शिट्टी नको म्हटलं होतं, टाळ्यांचं मी बोललेच नव्हते, ही माझी चूक. पण आम्ही सुरू तरी केलं होतं का? ऋषिराजनं गिटारला हात लावला नव्हता. रेश्मा माइक खाली-वर करत होती. मी फक्त बटण पूर्ण फिरवून हात वर धरला, आणि पहिल्या रांगेतून तुम्ही उठून टाळ्या वाजवायला लागलात. एकटेच! मग तुम्ही उठलात म्हणून कळंबची अख्खी जीप उठली. परीक्षक बाई कागद उलटून बघायला लागल्या की आपलं एक गाणं ऐकायचं राहिलं की काय. आई तुमचा सदरा ओढत होती ते मला वरून दिसलं. मला इतकं हसू येत होतं की पहिली तार जेमतेम वाजली.

आणि एवढ्या टाळ्या वाजवणारा माणूस नंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. यंत्रावर हात ठेवलात, एक बटण फिरवलंत आणि जीपमध्ये जाऊन बसलात. रागावलात का? काय चुकलं असेल ते स्पष्ट लिहा. मला कालपासून जेवण गोड लागत नाही.

राग असेल तरी लोभ कमी करू नये, दोन्हीला जागा आहे.

आपली,
निकिता

*

कळंब,
१४ ऑक्टोबर

चि. निकितास,
अनेक अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. बोललो नाही कारण बोलायला गेलो असतो तर डोळ्यांतून पाणी आलं असतं, आणि जीपमध्ये डेरीचे लोक होते.

टाळ्या का वाजवल्या ते ऐक. तू बटण पूर्ण फिरवलंस ते मी पाहिलं. लाल दिवा चालू होता. आणि काही नाही! एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू आला, मागं कोणीतरी खोकलं ते आलं, तुझ्या आईच्या बांगड्या आल्या. यंत्राचा नाही. तुझे आबा बिरोबाच्या देवळापुढं ढोल वाजवायचे, तेव्हा आधी कातडं उन्हात तापवून त्याला कान लावायचे. लहानपणी मला कळायचं नाही की न वाजणाऱ्या ढोलात हे काय ऐकतात. रविवारी कळलं. वाजल्यावर टाळ्या वाजवायला सगळा हॉल होता. त्या शांततेला कोण वाजवणार? ती बनवायला किती कष्ट पडतात हे तिथं फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीच्या हातात गिटार होती.

दोघांना म्हणतो, त्याचं कारण सांगतो. मी यंत्रावर हात ठेवला तेव्हा टिळा पाहिला. मी कुंकू बटणांना लावलं होतं. बटणं धुतल्यासारखी स्वच्छ, आणि टिळा समोरच्या लाकडावर, मधोमध, कोरडा. बटण फिरवून पाहिलं तर लोण्यातून फिरावं तसं फिरलं. मग मला कळलं की यंत्र उघडलं गेलं, कोणी उघडलं आणि आतून काय निघालं. जीपमध्ये तुझ्या आईला विचारलं. ती कळंब येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत बसली, तेव्हा उरलेलं उत्तरही मिळालं.

कुंकू लावलं हे चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या यंत्राला तो मान आहेच. पुढच्या नवमीला पुन्हा लावीन. लाकडाला लावीन, एवढंच.

पण ते कोणी उघडायचं नाही हा नियम मी आजपासून मोडला. वायरी मी दोऱ्यानं बांधल्या होत्या, त्या झाकण लावताना तू तशाच राहू दिल्यास की नाही हे मला बघायचं सुद्धा नाही. राहू दिल्या असशील. आजच्या पिशवीत भाकरीखाली माझा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आहे. त्याला मी तुझ्या आईलाही हात लावू देत नाही. तो आता तुझ्याकडं राहील.

आणि ऋषिराजनं पुन्हा विचारलं तर त्याला सांग, कंपनीचं नाव बदललंय.

कळावे, बाकी सगळं तुला आधीच कळलेलं असतं.

सोनबा आणि लेक,
कळंब