उशिरा पोचलेलं रक्त

बाबा, आईला काही झालेलं नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर चपला न काढता दारातच तेवढं विचारलं असतं. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, ज्वारीच्या पिठात मी पाणी जास्त घातलं म्हणून माझ्यावर करवादते आहे, आणि तिचं करवादणं ऐकून मला इतकं हायसं वाटतंय की भाकऱ्या तिच्यावर टाकून मी हे लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे अमरावतीला एमआरआयच्या मशीनवर नुकतीच लागले होते. तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, पोरगी डोक्यातला फोटो काढते. परवा मी आईच्या डोक्यातला फोटो काढला, आणि तो चुकला.

झालं असं, की तिला दोनदा चक्कर आली. मेंदूच्या डॉक्टरांनी साध्या फोटोबरोबर मेंदूतला रक्तपुरवठाही मोजायला सांगितला. तिची मूत्रपिंडं नाजूक, म्हणून शिरेतून औषध न देता. त्यात मशीन मानेपाशी रक्तावर खूण करतं, जरा थांबतं, आणि खूण केलेलं रक्त मेंदूत कुठवर पोचलं ते टिपतं. आमच्याकडे हे थांबणं दीड सेकंदाचं ठरलेलं आहे. कुणी तपासायला आलं की मी तेच बटण दाबते, आईलाही तेच दाबलं. पडद्यावर डावी बाजू काळी आली. डॉक्टर म्हणाले, मानेची रक्तवाहिनी बरीच बंद असावी, नागपूरला नेऊन स्टेंट टाकावा लागेल, आणि या वयात त्यातही धोका आहेच. आईनं माझा हात धरला. "मले नागपुराले नेऊ नको वं. तठी जाऊन मराचं त अठी काय वाईट हाये?" मी तिच्यावर ओरडले. मला घाबरल्यावर ओरडताच येतं, हे तुम्हाला माहीत आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी ते चित्र पुन्हा उघडून बसले. काळ्या भागाच्या कडेला बारीक चकचकीत रेषा होत्या. आधी वाटलं, आईनं डोकं हलवलं असेल. मग एकदम तुमचं कापूस खरेदी केंद्र आठवलं, अकोल्याबाहेरचं, पत्र्याचं गेट असलेलं. पाच वाजलेत. हमाल हातपाय धुताहेत, चौकीदार कुलूप घेऊन उभा आहे, आणि तुम्ही, कापसाची प्रत ठरवणारे केंद्राचे ग्रेडर, केसांत कापूस अडकलेला, गेटात उभे राहून दर्यापूरच्या रस्त्याकडे बघताय. ती कापसाची वाईट वर्षं. रोज कुठल्या ना कुठल्या गावाची वाईट बातमी यायची. भरली बैलगाडी माघारी गेली तर त्या घरात काय होईल, हे तुम्ही बोलून दाखवलं नाही, पण गेट लावू दिलं नाही. चौकीदार म्हणायचा, "सायेब, आज नाई येत आता कोनी." तुम्ही म्हणायचात, "रस्त्यावर धूळ दिसून राह्यली नं? मंग कापूस संपला असं कसं सांगू? थांबा." सगळं केंद्र तुम्हाला पाठीमागे 'थांबा साहेब' म्हणायचं. मला त्या नावाची लाज वाटायची.

तर बाबा, त्या रेषा म्हणजे धूळ होती. खूण केलेलं रक्त वाटेतच होतं, आणि मी गेट लावून सांगितलं होतं की आलंच नाही. म्हातारपणी रक्तवाहिन्या नागमोडी होतात, थोड्या अरुंदही होतात, रक्त लांबच्या वाटेनं येतं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण रोज दहा माणसं आत-बाहेर करताना ते डोक्यातून निघून गेलं. पडद्यावर आकडा आला की लोक त्याला देव मानतात, आणि लोकांबरोबर मीही मानायला लागले होते. मी आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेले आणि सरळ सांगितलं, थांबायची वेळ मी चुकीची ठेवली, आईला परत घेऊ द्या. त्या म्हणाल्या, जास्त थांबलं तर खूणच फिकी पडते, चित्र खरखरीत येईल. म्हटलं, येऊ द्या. दोनदा घेऊ, दोन्ही जुळली तरच विश्वास ठेवू.

आई परत त्या बोगद्यात गेली, जाताना म्हणाली, "आता काऊन? मघाशी त काढला नं फोटो!" मी दिडाचे अडीच सेकंद केले. एक सेकंद म्हणजे काय हो, पण काचेपलीकडे बसून मला तो सोसवेना. चित्र खरखरीत आलं, मॅडम म्हणाल्या तसंच. पण डावी बाजू भरली होती. तिला खाली उतरवून, चालवून, पुन्हा झोपवलं आणि पुन्हा मोजलं. पुन्हा भरली. मग मानेची सोनोग्राफी केली. रक्तवाहिनी वाकडी आहे, थोडी अरुंद आहे, गोळ्यांवर भागेल. चक्कर रक्तदाबाच्या गोळीमुळे येत होती, ती अर्धी केली. नागपूर रद्द. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुढच्या पेशंटला आत घेतलं. त्याचं वय आधी विचारलं.

हे पत्र आईच्या फिल्मच्या पाकिटात ठेवीन, आणखी कुठे टाकणार? पण एक राहिलंय. मी मुंबईच्या कॉलेजात मुलाखतीला निघाले होते, तो दिवस. घर गळायचं म्हणून माझी मार्कशीट तुम्ही केंद्रातल्या लोखंडी कपाटात ठेवली होती आणि ती घेऊन तुम्ही परस्पर अकोला स्टेशनवर येणार होतात. गाडी सहाची. तुम्ही साडेसहाला आलात, सायकलवर, घामेजलेले, मार्कशीट शर्टाच्या आत. मी स्टेशनबाहेर लिंबाखाली पेटीवर बसले होते. म्हटलं, "गेली गाडी. तुमच्या थांबण्यापायी माझं वर्ष गेलं." तुम्ही पेटी उचलून हँडलला अडकवलीत. पुढच्या वर्षी मी नागपूरला शिकले, नोकरीला लागले, तरी घरात काही बिनसलं की तो टोमणा काढायचे, आणि तुम्ही दरवेळी मान खाली घालायचात.

गाडी गेली नव्हती, बाबा. दीड तास उशिरा असल्याचं माईकवर सांगितलेलं मी ऐकलं होतं. मला एकटीनं मुंबईला जायची भीती वाटली, म्हणून मी पेटी उचलून बाहेर आले. घरी जाताना मी कॅरिअरवर, पेटी तुमच्या हँडलला, आणि मागून शिटी ऐकू आली. तुम्ही सायकल थांबवलीत, एक पाय रस्त्यावर टेकवलात आणि विचारलंत, "कोनती गाडी होय वं हे?"

मी म्हटलं, मालगाडी.