सल्लामसलतीसाठी प्रस्थान

४ नोव्हेंबर
प्रमोदिनी सकाळी तुकोगंजला भावाकडे गेली. दोन बॅगा घेऊन. आम्हा नवरा-बायकोत भांडण नाही, आवाज नाही. डिप्लोमसीत याला 'सल्लामसलतीसाठी परत बोलावणं' म्हणतात. राजदूत मायदेशी जातो, चर्चा करतो, परत येतो. संबंध तोडणं वेगळं. मी इंदूरच्या कॉन्सुलर सहायता संघाचा सेक्रेटरी आहे, मला कळतं.

५ नोव्हेंबर
कारण क्षुल्लक. स्वतःच्या बायोप्सीचा रिपोर्ट आणायला तिला एकटीला जावं लागलं. मी एअरपोर्टवर पुष्पगुच्छ घेऊन उभा होतो. आपले मानद कॉन्सुल संजीवजी ज्या देशाचं काम बघतात, त्याच्या दूतावासातला सेकंड सेक्रेटरी यायचा होता. फ्लाइट कॅन्सल झाली. तरी प्रोटोकॉल म्हणून थांबलो.
रिपोर्ट काय आला ते विचारायचं राहिलं. उद्या नक्की.

९ नोव्हेंबर, दुपार
फोन केला. मेहुण्यांनी, कृष्णरावांनी घेतला. ती झोपलीय म्हणाले. म्हटलं, तिला सांगा, संजीवजींच्या त्या देशाच्या नॅशनल डेच्या रिसेप्शनला पहिल्या रांगेत तिची खुर्ची ठेवलीय. ते म्हणाले, "दिनानाथजी, तुम्हाला अजून काही विचारायचं नाही?"
विचारलं. गाडी आणणार असाल तर पार्किंग पास पाठवू का म्हणून.
त्यांनी फोन ठेवला. तब्येत बरी नसावी त्यांची.

१३ नोव्हेंबर
मल्हारगंजातून दोघे आले. भिया, ड्रेनेज चोक है, कौन्सिलर साब कब मिलेंगे? कॉन्सुल म्हणजे महापालिकेचा पार्षद नव्हे हे समजावता समजावता चहा गार झाला. जाताना म्हणाले, ठीक है, पर नाली का देख लेना.
प्रमोदिनी हसून हसून खाली बसली असती. संध्याकाळी दूधवाल्याला सांगितलं. तो हसला नाही.
ठरवलं: उद्यापासून रोज फोन.

१४ नोव्हेंबर
बॅनरवर झेंडा उलटा छापून आला. फोन राहिला.

१८ नोव्हेंबर
रिसेप्शन उत्तम. झेंडा सुलटा. पहिल्या रांगेतली खुर्ची शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नाही.
संजीवजींनी विचारलं, भाभीजी नहीं आईं? मी म्हटलं, कन्सल्टेशन चालू आहे.
ते हळूच म्हणाले, "अरे हां, हमारी मिसेस को मिली थीं हॉस्पिटल में. परसों ऑपरेशन है ना? आप यहाँ कैसे?"
मी म्हटलं, पाहुण्यांना आइस्क्रीम मिळालं का ते बघतो.

२१ नोव्हेंबर
हॉस्पिटलमध्ये गेलो. काल जायचं होतं, पण काय बोलायचं ते ठरत नव्हतं. खोलीबाहेर कृष्णरावांची मुलगी सुरभी होती. तिला विचारलं, रिपोर्टमध्ये काय होतं. ती म्हणाली, काका, काल गाठ काढलीसुद्धा.
मग मी आलोय हे सांगायला ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. म्हणाली, आत्या म्हणते, वेळात वेळ काढून आलात, आभारी आहोत.
बाहेरच्या पाहुण्यांना असंच म्हणायचं असतं. मीच शिकवलं होतं प्रमोदिनीला.