तांबडा ठिपका

सोमवार, २ जानेवारी १९५६
नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे उठणे. तंबाखू कमी करणे. कुणावरही विश्वास न ठेवणे. पैकी तिसरा आजपासूनच अमलात.

कारण, दवाखान्यात नोटीस लागली आहे. मुंबईचे एक डॉक्टर चार आठवडे कॅन्सरचा क्लास घेणार. चिंचवड, पिंपरी, देहूरोडकडचे कंपाउंडर, नर्सा, ड्रेसर, सगळ्यांना सक्ती. शेवटी एकाला मुंबईच्या इस्पितळात तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवणार. एकोणीस वर्षं कंपाउंडरकी केलेला या भागात मी एकटा, तेव्हा नाव ठरल्यातच जमा. पण मग नोटीस इतकी वर का चिकटवली? मी बुटका आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बुधवार, ४ जानेवारी
पहिला क्लास. शाळेची खोली, पहिलीच्या बाकात बुटक्याचेही गुडघे मावत नाहीत. डॉक्टर अगदीच तरुण. रेडियमच्या सुया, डीप एक्स-रे, ऑपरेशन, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली की संशय घ्या, म्हणाले. संशय घ्यायला मला शिकवतात! तरी लिहून घेतलं. आमचा ड्रेसर सयाजी माझ्या वहीत डोकावत होता. वही आता मांडीखाली.

घरी येताना डाव्या गालात झोंबलं. चुना जास्त पडला असणार. दिवाळीपासून हा चुनेवाला फसवतोय. दुखत वगैरे नाही.

सोमवार, ९ जानेवारी
आज मैदान मारलं. विषय: रोग्याला धीर कसा द्यावा. डॉक्टर म्हणाले, शेजारी बसा, घाई करू नका, तो विचारेल तेवढं खरं सांगा. मी उभाच राहिलो. म्हटलं, साहेब, हे तुमच्या मुंबईला ठीक. आमच्याकडे रोग्याला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. नाव ऐकूनच माणूस हाय खातो. चिठ्ठीवरसुद्धा नाव नको. मागच्या कोपऱ्यात तांबड्या शाईचा ठिपका द्यावा, आपल्या माणसांना बरोबर कळेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांचं तोंड पडलं, पण बहुमतापुढे काय करतात? ठिपका पास.

नंतर कुसुमताई नर्स डॉक्टरांच्या कानाशी लागल्या. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. भाषणाचा परिणाम असेल. नाहीतर कट.

बुधवार, ११ जानेवारी
कुरुळीची गोजाबाई दवाखान्यात आली. छातीत लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांनी तपासून मुंबईची चिठ्ठी दिली. ठिपका मी स्वतः दिला. अगदी वाटोळा. मग बाईला शास्त्रशुद्ध धीर दिला: मावशी, गळू आहे, जवसाचं पोटीस बांधा, पिकून फुटेल. बाई इतकी खूश झाली की मुंबईला जायचंच रद्द केलं. एका वाक्यात एवढा धीर! तिच्या लेकाला खरं सांगायचं राहिलं, तो बैलांना पाणी दाखवायला गेला होता. पुढल्या खेपेला सांगू.

सोमवार, १६ जानेवारी
संक्रांतीचं सगळे गोड बोलताहेत. घरचा काटेरी हलवा तोंडात टाकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिळात भेसळ.

क्लासात प्रॅक्टिकल: एकमेकांची तोंडं तपासणे. बाकीच्यांना अर्धा मिनिट, माझ्या तोंडात कुसुमताई बॅटरी लावून पाच मिनिटं. हरवलं काय होतं बाईंचं तिथे? मग डॉक्टर आले. गाल बधिर करून इवलासा तुकडा काढला, बाटलीत घातला, मुंबईला पाठवतो म्हणाले. मी चौकशी केली नाही. नमुना म्हणून बावीस जणांतून माझाच गाल निवडला, यातच काय ते आलं.

मंगळवार, २४ जानेवारी
संक्रांत उलटून आठवडा झाला तरी गोड बोलणं चालूच. हे लक्षण ठीक नव्हे. कुसुमताई खुर्ची देतात. डॉक्टर विचारतात, जेवण जातं ना? आणि सयाजी! बारा वर्षं माझ्या चंचीतली तंबाखू फुकट खाल्ली गड्याने. आज चंची पुढे केली तर नको म्हणाला. वर म्हणतो, रंगराव, ती चंचीच मला देऊन टाका, कायमची. आज चंची मागतोय, उद्या खुर्ची मागेल. दिली नाही. त्याच्यादेखत दुप्पट बार भरला. गाल पेटला, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी
प्रकरण घरापर्यंत पोचलं. दवाखान्याच्या मागच्या पडवीत कुसुमताई आणि आमची मंडळी! मला बघताच दोघी चूप. मंडळींचे डोळे लाल. कांदा झोंबला म्हणे. दवाखान्यात कांदा कुठला?

जेवायला मऊ भात आणि दूध. भाजीला तिखटाचा पत्ता नाही. विचारलं तर मिरच्या संपल्यात. परसात सुपभर मिरच्या वाळताना मी या डोळ्यांनी पाहिल्या. पण रागावलो नाही. सगळा उलगडा झाला: माझी मुंबईची ऑर्डर निघाली आहे, आणि तीन महिन्यांच्या ताटातुटीने बाई बिचारी कासावीस झाली आहे.

बुधवार, १ फेब्रुवारी
म्हटलं नव्हतं? कुसुमताईंनी चिठ्ठी हातात दिली. मंगळवार, ता. ७ च्या सकाळच्या गाडीने निघून मुंबईच्या इस्पितळात हजर व्हावे, सोबत घरचं एक माणूस आणावे. घरचं माणूस कशाला ते कळलं नाही. सीनियर लोकांना सवलत असावी. चिठ्ठी मुद्दाम सयाजीच्या नाकासमोर धरली. जळफळेल वाटलं होतं, तर गळ्यात पडून रडायला लागला. हरलेल्या माणसावर राग धरू नये. पाठ थोपटली.

पेढे वाटले. माझा मला चावता आला नाही. आनंदात घास उतरत नाही म्हणतात ना, तसं.

शनिवार, ४ फेब्रुवारी
सकाळी ८. सामान बांधताना चिठ्ठी उलटी पडली. मागच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका. शाई सांडली असेल.

दुपारी १२. सांडलेली शाई इतकी वाटोळी नसते.

दुपारी ४. सयाजीने खोडी काढली असेल. पण सयाजी तर रडत होता.

संध्याकाळ. कुसुमताईंच्या घरी गेलो. विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाल्या, रंगराव, नियम तुमचाच. मंडळींना सांगितलंय. मग त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, शेजारी बसल्या आणि मी विचारलं तेवढं सगळं सांगितलं. मुंबईचा रिपोर्ट आलाय. लहान आहे, लवकर सापडलाय, रेडियमने बरा होण्याची पुष्कळ आशा आहे, पण आता दिवस घालवायचे नाहीत. पाऊण तास बसल्या होत्या. मी हाय खाल्ली नाही. भीती वाटली, फार वाटली, पण हाय नाही. ट्रेनिंगला कोण जाणार हेही विचारलं. त्याच जाणार.

रविवार, ५ फेब्रुवारी
सायकलने कुरुळी. वाटेत दोनदा माघारी वळलो. गोजाबाई ओट्यावर जवस वाटत बसली होती. शेजारी बसलो. म्हटलं, मावशी, ते गळू नाही. कॅन्सर आहे. परवा मंगळवारी आम्ही दोघं मुंबईला निघालोय, तुम्ही आणि तुमचा लेक आमच्याबरोबर चला.

बाईचा वरवंटा थांबला. मग म्हणाली, तीन आठवडं म्या ह्ये बांधतीया, तवाच का न्हाई सांगितलंस? एवढंच म्हणालो की मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि गाल दाखवला. तिने जवसाच्या हातानेच हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. आत बघून विचारलं, लई दुखतंय का रं?

या वहीतसुद्धा इतके दिवस खोटंच लिहिलं होतं. व्हय म्हणालो.