पंधरावा गडी

किलवॉरन, लीट्रिम
९ मार्च

ती. अ‍ॅट्रॅक्टाताईस,
कोलमनचा सा. न. वि. वि. देवाच्या दयेने इकडे ठीक. आपल्या पंधराजणांच्या आयरिश फुटबॉलची लीग सुरू झाली आणि पहिल्याच रविवारी आपल्या क्लबाचे पंधरा गडी भरले नाहीत. सामना न खेळताच गेला. आणखी एकदा असं झालं तर लीगमधून नाव जाईल, आणि शेजारच्या ड्रमकीलनच्या क्लबात मिसळावं लागेल. बाबा म्हणतात, त्यापेक्षा मैदानात मेंढ्या सोडा. खोकला वाढलाय, पण जिभेचा जोर तसाच. मला म्हणाले, एकोणपन्नासाव्या वर्षी गोलात उभा राहा, निदान वारा तरी अडेल.
लोभ आहेच, तो राहू दे.
कोलमन

बॉस्टन
२१ मार्च

चि. कोलमनला अनेक आशीर्वाद.
तू आणि गोलात! लहानपणी कोंबड्यासुद्धा तुझ्या पायांमधून निसटायच्या. बाबांना डॉक्टरकडे ने. नको म्हणतील, तरी ने. माझ्या कमरेचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मग दोन महिने प्रवास बंद.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

किलवॉरन
१४ एप्रिल

ती. ताईस सा. न.
फोनवर मला बोलता येईना, म्हणून लिहितो. बाबांना शनिवारी माती दिली. क्लबातलं कुणी गेलं की दफन होईपर्यंत खेळत नाहीत, म्हणून शुक्रवारचा सामना पुढे गेला. खड्डा शेजाऱ्यांनी खणायचा, पण आपल्याकडे फावडं पेलणारे उरलेत कुठे? ड्रमकीलनचे सहाजण न बोलावता आले. एक म्हणाला, म्हातारा आता उठून आम्हाला हाकलणार. सगळे हसले. मीही हसलो असेन.

डब्लिनला, इंग्लंडला गेलेली पोरं मातीला आली होती. त्यांची नावं अजून आपल्याच क्लबात. चहाच्या वेळी आपला कप्तान लोरकन हळूच विचारू लागला, की पोरं सोमवारी परतणार, तर उद्याच खेळलं तर चालेल का. मी हो म्हटलं. माझ्यासकट पंधरा भरले. चेंडू आत येत होते, मी बाहेर काढून देत होतो. हरलो. लोक पाठ थोपटत होते; पाठ दुसऱ्या कुणाची असावी असं वाटलं.
तब्येत सांभाळ, आठवण ठेव.
कोलमन

बॉस्टन
२३ एप्रिल

चि. कोलमन,
खेळलास ते बरं केलंस. पण पुढच्या सामन्याला कोण? दर आठवड्याला गावात कुणी मरायचं का? रागावू नकोस, रडून झालं की मी असंच बोलते. जेवतोस ना?
ताई

किलवॉरन
६ मे

ती. ताईस सा. न.
जेवतो. पुढच्या सामन्याला नऊच आलो. नाव गेलं. काल सभेत लोरकन म्हणाला, ड्रमकीलनमध्ये मिसळायला तयार असतील त्यांनी हात वर करा. कुणी हलेना. सगळे बाबांच्या मुलाकडे बघत होते. मला राग येईना, रडूही येईना. मी हात वर केला. मग बाकीच्यांचेही वर झाले.

घरी येऊन प्रार्थनेला बसलो. बाबांची क्षमा मागावी की नुसतं कळवावं, ठरेना. तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो.
तुझी माया असू दे.
कोलमन