दहावी सही

प्रिय छोट्या,

तुझा वकील काल दुपारी येऊन गेला. चार जिने चढून त्याला धाप लागली होती, म्हणून आधी पाणी दिलं आणि मग त्याच्याशी भांडले. तो ठेवून गेलेला कागद आत्ता माझ्यासमोर आहे. तुझ्या उमेदवारी अर्जावरची माझ्या नावाची दहावी सही माझ्या संमतीनेच झाली होती आणि छाननीच्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर मी घाबरून भलतंच बोलून बसले, असं मी शपथेवर लिहून द्यायचं आहे. खाली सही केली की तुझ्यावरचा खोट्या सहीचा खटला ढेपाळतो, आणि बाद झालेल्या अर्जासाठी कोर्टात जायलाही तुला तोंड राहतं. नाही केली तर सत्ताविसाव्या वर्षी तुझं राजकारण आटोपलं, वर तुरुंगाची हवा. वकील उद्या दहाला कागद न्यायला येणार आहे. निघताना त्याने मान खाली घालून तुझा निरोपही सांगितला. समोरच्यांनी ताईला किती दिले ते विचारा, मी दुप्पट देतो. शाब्बास रे माझ्या वाघा! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

तू विधानसभेला अपक्ष उभा राहतोस हे मला शेजारच्या शिंप्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही. तरी त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले होते, की आमचा छोटा, ज्याला शाळेत उत्तर यायचं पण उभं राहून सांगताना चड्डी ओली व्हायची, तो आता सभागृहात उभा राहून बोलणार. पोरी हसल्या, मीही हसले. मग चौकात तुझा फलक लागला. हात जोडलेले, दात पांढरे, खाली मोठ्या अक्षरात ‘आपला भाऊ’. सगळ्या मतदारसंघाचा भाऊ झालास रे, एक मी सोडून. पण आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? कामावर जाताना मी मुद्दाम त्या चौकातून वळसा घालून जायचे.

तुझं पहिलं भाषण ऐकायला मी आले होते, तुला माहीत नाही. हॉलच्या मागच्या दाराशी उभी होते. तू आईची गोष्ट सांगितलीस. आजारी आई, रिकामा दवाखाना, वेळेवर न मिळालेली गाडी, आणि घरात एकटी अडाणी बहीण, जिला आईचा त्रास कळलाच नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या. अरे, मला कळला होता त्रास. मी तुला अकरा फोन केले होते. गाडी होती, शेजाऱ्यांनी मागितल्याबरोबर दिली होती, आणि ती तू सकाळीच नेली होतीस, कुठल्याशा पुढाऱ्याच्या सभेला माणसं पोहोचवायला. अकराव्या फोनला उचललंस आणि म्हणालास, तापच आहे ना, उतरेल. संध्याकाळी आई गेली. चार वर्षांत मी हे कुणाला बोलले नाही, आणि तू माईकवर बोललास, तेसुद्धा माझ्या नावावर टाकून. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यानंतर गल्लीतल्या बायका माझ्याकडे कशा बघायच्या ते तुला सांगून काय उपयोग. मी घरी आले, भात लावला, तो गिळला आणि हेही गिळलं.

मग ती सही. अपक्षाला दहा मतदारांच्या सह्या लागतात, एवढं मलाही आता पाठ झालंय. नऊ झाल्या होत्या आणि दहावा किराणावाला ऐनवेळी पलटला. अर्ज भरायला एक तास उरला. मी शिफ्टवर, फोन कपाटात कुलपात. माझं येणं शक्य नव्हतं हे मान्य. पण रस्त्यावर माणसं होती की नाही? एखाद्याचे पाय धरायचे. तू काय केलंस, तर अर्ज भरायच्या कचेरीतल्या बाकावर बसून माझी सही स्वतःच ठोकलीस. लहानपणापासून येतेच तुला, प्रगतिपुस्तकावर काय कमी वेळा केलीस! संध्याकाळी तुझा निरोप आला. तुझी सही टाकलीय, कुणी विचारलंच तर हो म्हण. ना कशी आहेस, ना चालेल का. आणि मी काय उत्तर दिलं आठवतं? ‘बरं.’

आता एक गोष्ट सांगते, जी कारखान्यातल्या झाडूवालीलाही ठाऊक आहे. दीड वर्षापूर्वी कापड कापायच्या मशीनने माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याशेजारची. तुला फोन केला तेव्हा बोटांना लागलंय म्हणाले, आणि तू बर्फ लाव म्हणालास आणि ठेवलास. गेलेल्या बोटांना बर्फ कुठे लावू रे? त्यानंतर तू तीनदा घरी आलास, तिन्ही वेळा फोन कानाला. मी हातमोजा घालायचे, तेव्हा थोडं मीही लपवलं, कबूल. एकदा जाकिटाचं बटण लाव म्हणालास आणि मला जमेना, तेव्हा कार्यकर्त्यांसमोर हसलास, ताई म्हातारी झाली म्हणून. कारखान्यात मला कापण्यावरून उचलून कॉलर मोजायला बसवलंय. हजेरीवर मी डाव्या हाताने सही करते, कोंबडीने पाय आपटावा तशी. तू अर्जावर केलीस ती माझी जुनी, गोल, वळणदार सही. ती दीड वर्षापूर्वीच मेली.

समोरच्या उमेदवाराच्या माणसाला हे माहीत होतं, कारण त्याची बायको माझ्याच टेबलावर बसते. माझा हात त्यांना माहीत आणि माझ्या भावाला नाही. म्हणून छाननीला त्यांनी आक्षेप घेतला आणि मला बोलावणं आलं. अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन मी आले. ती लांबट खोली, भिंतीवरचं बंद घड्याळ, टेबलामागे चष्म्यातून बघणाऱ्या अधिकारी बाई, आणि तू नव्या बुटात उभा. बाईंनी विचारलं, ही सही तुमची का, आणि कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं, इथे तशीच करून दाखवा म्हणाल्या. मी पेन डाव्या हातात घेतलं. तेव्हा तुझी नजर पहिल्यांदा माझ्या हातांकडे गेली, उजव्या मोज्याच्या दोन रिकाम्या बोटांवर थांबली. तुझा चेहरा पांढरा पडला, आणि मला वाटलं, आता हा विचारेल, ताई, हाताला काय झालं गं? तू बाईंकडे वळलास. म्हणालास, मॅडम, ही फारशी शिकलेली नाही, आई गेल्यापासून डोक्याने जरा अशीच आहे, हिच्या सहीवर जाऊ नका. समोरचे हसले. नववीत शाळा सोडून ज्या पोराची फी भरली, त्याने चारचौघांत मला वेडी ठरवलं, आणि तेही किती सहज! मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ही सही माझी नाही. पुढचं तुला माहीत आहे.

जे माहीत नाही, तेवढ्यासाठी हे पत्र. त्या दिवशी मी खोटं बोलायलाच आले होते. तुझा निरोप आल्यावर मी शिंप्याला कचेरीत पाठवून, तिथे फलकावर लावलेल्या तुझ्या अर्जावरच्या सहीचा फोटो मागवला होता आणि छाननीच्या सकाळी कारखान्याच्या संडासात उभी राहून, कापडाच्या गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर, उजव्या हाताने उरलेल्या बोटांत पेन धरून ती सही गिरवली होती. रक्त आलं, पण शेवटच्या पाच-सहा अगदी तुझ्यासारख्या जमल्या. अधिकारी बाईंनी जन्मात ओळखलं नसतं. छोट्या, पेन मी डाव्या हातात घेतलं ते फक्त उजव्या हाताचा मोजा काढायला. तू अर्धं मिनिट तोंड मिटून उभा राहिला असतास, तर आज चौकात तुझ्या सभेच्या खुर्च्या गाडीतून उतरत असत्या. मला कुणी एक पै दिली नाही आणि कुणी फितवलं नाही. तुझा अर्ज तूच बाद केलास. हे तुला वकिलाच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, आणि तुरुंगात असशील किंवा बाहेर, रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवावं, असं मला मनापासून वाटतं. वकिलाचा कागद सही न करता सोबत परत पाठवतेय.

तुझीच,
ताई