भाकरीबरोबर मी गोळ्याही घेत होते

मी, कस्तुराबाई आप्पाजी गळतगे, वय अडुसष्ट, मूळची निपाणीकडची, गेली चव्वेचाळीस वर्षे राहणार चामराजपेट, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी मला धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही. धाक आहे तो माझ्याच मनाचा. वकील गिरीराज म्हणतात, त्याने कागद रद्द होत नाही.

१. तळमजल्यावरचा लाकडी तेलघाणा, दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझा मुलगा मंजुनाथ याला. वडील गेल्यापासून तो घाणा विकू या म्हणतो. विकायचाच तर विकावा, फक्त घेणाऱ्याला सांगावे की तिळाला घाई केली तर तेल तापते आणि वास जातो.

२. सोन्याच्या पाटल्या सून आसावरी हिला. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने माझी तुपाची बरणी भरलेली तशीच मोलकरणीला देऊन टाकली. तुपाने हृदय बंद पडते, असे तिला कोणी सांगितले होते. मी दोन वर्षे तिच्याशी कामापुरतेच बोलले. आता तीच व्हाइटफील्डहून येऊन तूप मागून नेते. माझा राग राहिलेला नाही.

३. मोठी पितळी परात जाऊबाईंकडे आहे. सोळा वर्षांपूर्वी बारशाला म्हणून नेली. ती त्यांच्याकडेच राहू दे, पण परात माझी आहे हे कुठेतरी लिहिलेले असावे.

४. पाककृतींची वही. खरे तर या कलमासाठीच मी लिहायला बसले.

एकोणपन्नासाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. मी घाबरले आणि आईच्या जेवणाकडे परत गेले. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, हुलग्याच्या पिठाचे माडगे, जवसाची चटणी आणि त्यावर घाण्याचे तेल, पातळ ताक, भाकरीवर चमचाभर लोणकढे तूप. मैदा आणि साखर बंद. सहा महिन्यांत अंगात त्राण आले, रिपोर्ट सुधारले. हे सगळे खरे आहे, आजही मी तेच जेवते. पण सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशा दोन गोळ्या मी या एकोणीस वर्षांत एक दिवसही चुकवलेल्या नाहीत. हे मात्र मी कोणाला सांगत नसे. बायका विचारायला येत, मी चटणीचे प्रमाण सांगे आणि त्या कौतुकाने बघत. ते कौतुक मला गोड लागू लागले होते.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा रविकिरण माझ्या या जेवणाचा व्हिडिओ काढायला आला. तो फोन लावत होता तेव्हा फळीवरचा गोळ्यांचा डबा मी तुपाच्या बरणीमागे सरकवला. हे काम माझ्या हाताने झाले, रविकिरणला त्याची कल्पना नव्हती. त्याने विचारलेही होते, "मावशी, गोळ्या चालू आहेत का?"

मी म्हणाले, "गोळ्यांचं काय विचारतोस, पोटात काय जातं ते विचार."

तो हसला. लाखो लोकांनी ते पाहिले म्हणे.

समोरच्या घरात शिवलीला राहत होती. बारा वर्षे इन्शुलिन घेत होती, पोटावर सुया टोचून टोचून कंटाळली होती. तिनेही तो व्हिडिओ पाहिला. एक दिवस माझ्याकडून शेंगतेल नेताना म्हणाली, "अक्का, आता मीपण स्वल्प धीर धरते. तुमच्यासारखंच जेवते." मी "सरी, बरं" म्हणाले. सुई थांबवलीस का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे हे मला तेव्हाही कळत होते. विचारले असते तर डबा दाखवावा लागला असता.

तीन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या आणि शुद्ध गेली. दवाखान्यात चौथ्या दिवशी ती वारली.

तेराव्याला तिची मुलगी सोनम माझ्याजवळ येऊन बसली. "अक्का, अम्मा तुमच्यासारखंच जेवत होती. मग काय चुकलं?"

मी तिच्या पानात भाकरी वाढली आणि दुसरीकडे बघितले.

तेव्हापासून जेवायला बसले की मला भीती वाटते. ज्या ताटाने मला उभे केले त्याच्याकडे बघवत नाही. दाराची कडी वाजली की वाटते, आणखी कोणाची तरी मुलगी आली. मारतहळ्ळीत, पुण्यात, कुठल्या कुठल्या घरांत लोकांनी माझ्या बोलण्यावर औषधे बंद केली असतील, ते मला कधीच कळणार नाही. आता माझे मूत्रपिंडही कमजोर झाले आहे, पावले सुजतात. मला मरणाची भीती आहेच. पण उत्तर न देता मरण्याची भीती जास्त आहे.

म्हणून वही आसावरीला देत आहे, एका अटीवर. कोणालाही त्यातले काही सांगायच्या आधी तिने सांगावे की कस्तुराबाई औषध घेत होती आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नये.

५. सोनमला काय द्यावे ते मला सुचले नाही. या कागदात तिच्या नावापुढे वस्तू नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर वर लिहिले आहे.

६. पुढचा मजकूर आज, सह्यांच्या दिवशी लिहीत आहे. साक्षीदार म्हणून मी सोनमला बोलावले होते. गिरीराज म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. मी म्हणाले, वाचू दे. तिने खिडकीपाशी उभे राहून सगळे वाचले.

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?" सोनमने विचारले.

"भ्याले."

"अम्मापण सुईला भीत होती. तुमचं बघून तिला वाटलं, सुटले एकदाची." तिने कागद माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "हा कागद तुम्ही मेल्यावर वाचणार कोण? मंजुअण्णा आणि वकीलसाहेब. व्हिडिओ बघणारे लोक वाचणार आहेत का?"

मी म्हणाले, लोक मला काय म्हणतील याची भीती वाटते. ती म्हणाली, "वाटू दे. मी बसते इथे."

रविकिरणला फोन केला. तो दुपारी आला. सोनमची परवानगी घेऊन मी त्याच्या फोनसमोर शिवलीलाचे नाव घेतले आणि काय झाले ते पहिल्यापासून सांगितले. मध्ये दोनदा पाणी प्याले. सोनम समोरच्या खुर्चीत बसून होती. तिने मला थांबवले नाही, धीरही दिला नाही. रविकिरणने हा नवा व्हिडिओ लोकांसमोर टाकला आणि जुना काढून टाकला. ज्यांनी जुना आधीच उतरवून पुढे पाठवला त्यांच्याकडून परत घेता येत नाही, असे त्याने सांगितले. ती भीती माझ्याबरोबरच जाईल.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मला वाचून दाखवला गेला, तो बरोबर आहे.

स्थळ: चामराजपेट, बेंगळूर
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

(सही) कस्तुराबाई आप्पाजी गळतगे

साक्षीदार:
१. (सही) गिरीराज, वकील
२. (सही) सोनम, कै. शिवलीला यांची मुलगी. तिच्या सांगण्यावरून लिहिले: कस्तुराबाईंनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याचीच ही साक्ष आहे. मी त्यांना माफ केले, असा हिचा अर्थ कोणी काढू नये.